चरबीचा वाटा

बिर्नाला आपल्या लेकाचा, रोईचा भारी अभिमान, आणि तो तिने कधी लपवलाही नाही. जन्मला तोच गलेलठ्ठ! "नऊ महिने व्हेलची चरबी खाल्लीय मी," ती येईल-जाईल त्याला सांगायची. "नवरा शिकारीच्या वाट्यातला सगळ्यात जाड तुकडा माझ्याच ताटात वाढायचा." पुढे फेरो बेटांवरचे डॉक्टर सांगायला लागले, की गरोदर बायकांनी आणि पोरींनी ही चरबी खाऊ नये. बिर्नाने नाक मुरडलं. "आमच्या आज्या काय हवा खाऊन जगल्या?"

आता रोई तिशीचा. लग्नाला बरीच वर्षं झाली, पण पाळणा काही हलेना. बिर्ना सुनेकडे बघून सुस्कारे टाकायची. एयना काटकुळी, त्यात चरबीला हातही लावत नाही. मग मूल होणार कसं? हे ती तोंडावर बोलायचीसुद्धा. एयना बिचारी ऐकून घ्यायची.

त्या दिवशी खाडीत व्हेलचा कळप मिळाला होता. वाटे झाले, आणि दमलेलं गाव होड्यांच्या खोपीत कॉफीला जमलं. म्हातारा मिक्याल फार खुशीत होता. त्याच्या लेकीला, लिवला, सातवा महिना होता. बिर्नाने आपल्या वाट्यातला चांगला पांढराशुभ्र चरबीचा तुकडा बांधून लिवच्या हातात दिला.

"खा गं पोरी. माझ्या रोईसारखा होईल."

"रोईचं कधी?" मिक्यालने डोळा मारला. "काय रे, होडी वल्हवायला जमतं आणि घरचं काम जमत नाही होय?"

सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "त्याला कशाला बोलता? जमीनच नापीक असेल तर तो काय करणार?" एयनाने मान खाली घातली. बिर्नाही हसली होती बरं का, खोटं कशाला सांगा.

रोईने कप खाली ठेवला.

"दोष माझ्यात आहे," तो म्हणाला. "एयनात नाही. तपासणी झालीय. माझ्या बीजातच जोर नाही."

मग तो लिवकडे वळला.

"डॉक्टर म्हणाले, एकट्या माणसाबद्दल छातीठोक सांगता येत नाही. पण आमच्या वयाच्या पुष्कळ पोरांचं असंच आहे. आपल्याकडे कारखाना नाही, पण दुसऱ्यांच्या कारखान्यांचं विष समुद्रातून येतं, व्हेलच्या चरबीत साठतं. छोट्या माशांत तेवढं नसतं. आईच्या नाळेतून ते मला आधीच मिळालं असणार. लिव, तू ते खाऊ नकोस."

बिर्नाच्या पायाखालची जमीनच सरकली. तो जाड तुकडा, ती रोजची चव, तिची सगळी बढाई! तिला रडू फुटणार होतं.

"आई, तू मायेनेच खाल्लंस," रोई हळूच म्हणाला. "तुला कुठे माहीत होतं?"

"अरे, पण पुरुषाने असलं चारचौघांत सांगायचं असतं का?" मिक्याल पुटपुटला. "लाज नाही वाटत?"

तेव्हा मात्र बिर्ना ताडकन उठली.

"लाज? या गावात आहे का दुसरा कोणी, जो बायकोवरचा बोल आपल्या अंगावर घेईल? तुझ्या नातवासाठी बोललाय तो, मिक्याल! स्वतःला मूल नसताना!" तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "तेव्हा बाळाचं वजन बघून मिरवत होते मी. वेडीच होते. मिरवायचं तर ते आज!"

मग ती सुनेजवळ गेली. एयनाची खाली गेलेली हनुवटी तिने सगळ्यांसमोर वर केली. "चुकलं माझं, बाळा," एवढंच म्हणाली आणि तिथेच तिच्याशेजारी बसली.

मिक्याल उठला, लेकीच्या मांडीवरचं बोचकं उचललं आणि बिर्नापुढे आणून ठेवलं.

"हे राहू दे तुझ्याकडे," तो म्हणाला. "लिवला मी उद्या ताजा मासा धरून आणतो." मग रोईकडे वळून त्याने विचारलं, "येतोस का रे बरोबर?"