मिस्त्रीचा कान

मिस्त्रीचे कान गेले होते आणि ते फक्त आपल्यालाच ठाऊक आहे, अशी त्याच्या बायकोची पक्की समजूत होती. गिऱ्हाईक बोललं की मिस्त्री त्याच्या ओठांकडे बघून नेमकं उत्तर देई, नाही कळलं तर "बघू, बघू" म्हणून मोकळा होई. घरात मात्र ओरडून ओरडून तिचा घसा बसे. "इंजिनाशी तासन्‌तास गप्पा, माझ्याशी बोलायचं तर जिवावर येतं यांच्या," असं ती शेजारणीला सांगे. नवऱ्याची लाज झाकायला एवढं खोटं तिला चालत होतं.

कारण त्याचं सगळं नाव त्या कानांवर उभं होतं. कधीच बनायचे बंद झालेले जुने ट्रॅक्टर त्याच्याकडे येत. आवाजावरून तो आतला कुठला भाग झिजलाय ते सांगे.

लाकूडवाल्याचा ट्रॅक्टर त्याच्या वडिलांच्या वेळचा. क्रँकची बेअरिंगं पार झिजलेली, आणि नवीन मिळणार कुठून? मिस्त्रीने भंगारबाजार पालथा घातला, दुसऱ्याच मॉडेलची बेअरिंगं आणून घासूनपुसून बसवली. इंजिन बांधून झाल्यावर नेहमीसारखी हाक मारली, "अगं, ये जरा बाहेर."

ती हात पुसत शेडच्या दारात आली. इंजिन सुरू झालं आणि लगेच तिला ते ऐकू आलं. खोल आत कुठेतरी ठक, ठक, ठक. लग्न झाल्यापासून ती इंजिनंच ऐकत आली होती. हे काही बरं लक्षण नव्हे, एवढं तिला नक्की कळत होतं. पण लाकूडवाला आणि त्याचा धाकटा भाऊ तिथेच उभे. आत्ता बोलावं तर नवऱ्याचं बहिरेपण चारचौघांत उघडं पडणार, आणि बहिऱ्या मिस्त्रीकडे इंजिन कोण देतं? ओठांवर आलेलं तिने गिळलं. ते गेले की सांगू, उद्या ट्रॅक्टर परत मागवता येईल. मिस्त्री तिच्याकडे बघत होता. ती छान हसली.

"न्या," मिस्त्री म्हणाला. "वडिलांच्या हातात चालला नसेल असा चालेल."

ते गेल्यावर सांगायला तिची जीभ रेटेना. संध्याकाळच्या आत बातमी आली. भरलेली ट्रॉली चढावर असताना इंजिनाच्या आतला रॉड बाहेरचा लोखंडी ब्लॉक फोडून बाहेर आला. ट्रॅक्टर मागे सरकू लागला. धाकटा भाऊ चाकाखाली दगड लावायला धावला आणि स्वतःच चाकाखाली सापडला. जागच्या जागी गेला.

मिस्त्री तिथे जाऊन आला. फुटलेल्या इंजिनातून काढलेला बेअरिंगचा काळा, चेपलेला तुकडा त्याने बायकोसमोर ठेवला.

"वाजत होतं ना?"

ती रडायला लागली. "तुम्हाला ऐकू येत नाही हे त्यांना कळलं असतं हो. तुमचं नाव जाऊ नये म्हणून मी..."

"मला ऐकू येत नाही हे मलाच माहीत नसेल होय?" तो म्हणाला. "अगं, दरवेळी तुला दारात कशाला उभी करतो मी? इंजिन लावलं की तुझं तोंड बघतो. वाजलं की तुझ्या कपाळाला आठी पडते. मग मी बंद करून पुन्हा खोलतो."

आपल्या कपाळाला आठी पडते हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"आज तू हसलीस," तो म्हणाला.

तो चिडला असता, हात उगारला असता, तरी तिला बरं वाटलं असतं. लाकूडवाल्याच्या घराकडून बायकांचा आक्रोश येऊ लागला, आणि तो तिला एकटीलाच ऐकावा लागला.