खटखट

श्यामराव वारले. तेरवीला येऊ न शकणाऱ्या नातलगांना मोबाइलवर पाहता यावा म्हणून राजकुमारने बापाचा व्हिडिओ तयार करायला घेतला. पवनीत लग्नांचं शूटिंग करून त्याचा या कामात हात बसलेला. मागच्या उन्हाळ्यात बाबा हातमागावर विणता विणता बोलले होते, तेवढंच चित्रीकरण एका जुन्या कार्डात पडून होतं. पण बोलण्यावर मागाची खटखट चढत होती. लहानपणापासून त्या खटखटीने त्याचे कान किटलेले. त्याने ती साफ पुसली, फाइल हलकी करून यूट्यूबवर चढवली. मग नेहमीच्या सवयीने मूळ फाइल कॉम्प्युटरवरून उडवली आणि ते कार्ड दुसऱ्या दिवशी त्याच्याऐवजी लग्नाला जाणाऱ्या मदतनिसासाठी मोकळं केलं.

तेरवीच्या दिवशी त्याच्या मायने, कुंताबाईने, मोबाइल कानाशी धरला. शब्द न् शब्द स्वच्छ येत होता.

"माग काहून बंद आहे रे?"

"थो आवाज मीच काढला, माय. बाबाचं बोलणं ऐकूच येत नव्हतं."

"मले तं येत होतं," ती म्हणाली. "ह्या घरात आली तवापासून तसंच ऐकलं. थो आवाज परत टाक."

राजकुमारने कार्ड लावून पाहिलं. त्यात कुणाच्यातरी वरातीचा बँड वाजत होता.