मास्क सर्वांत शेवटी

मित्रांनो, मी एक जुने पोलादी स्टूल आहे. माझ्या मधोमध आट्यांचा दांडा आहे. बैठक फिरवली की माझी उंची कमी-जास्त होते. ज्या कारागिराने मला घडवले, त्याने ती पुन्हा पुन्हा फिरवून पाहिली आणि मगच मला रुग्णालयात पाठवले. तेथे प्लॅस्टरच्या खोलीत मी बरीच वर्षे काढली. हात मोडलेली मुले माझ्यावर गरगर फिरत आणि दुखणे विसरून जात.

मग साथ आली आणि मला पोशाख उतरवण्याच्या खोलीत हलवण्यात आले. साथीच्या वॉर्डातून बाहेर पडणारी प्रत्येक परिचारिका माझ्यावर बसून संरक्षक पोशाख उतरवी. थकलेला माणूस चुकतो, म्हणून तेथे एक नियम होता. काचेपलीकडे उभ्या असलेल्या परिचारिकेने एकेक पायरी मोठ्याने सांगायची आणि आतलीने तेवढेच करायचे. आधी बुटांवरची आवरणे, मग अंगरखा, मग चष्मा. मास्क सर्वांत शेवटी.

सर्वांत धाकट्या परिचारिकेला सगळे चिमणी म्हणत, कारण तिची वटवट कधी थांबत नसे. तिला पायऱ्या सांगायला बहुधा मोठ्या सिस्टर असत. एकदा ती घामाने निथळत येऊन बसली आणि म्हणाली, "सिस्टर, मी उकडून झालेय. आता फक्त सोलायची बाकी आहे." मोठ्या सिस्टर इतक्या हसल्या की पुढची पायरी सांगायची राहून गेली.

पण साथ ओसरेना. नातेवाइकांना आत येण्याची परवानगी नव्हती, म्हणून चिमणी रुग्णांच्या कानाशी फोन धरून उभी राही. कधी पलीकडून हाका येतच राहत आणि अलीकडे ओ देणारे कोणी उरलेले नसे. हळूहळू तिची वटवट आटली. घरी डोळा लागत नाही, लागलाच तर यंत्रांचे आवाज ऐकू येतात, असे तिने एकदा सांगितले. मोठ्या सिस्टरांनी ते ऐकून घेतले आणि पुढची पायरी सांगितली. बाहेर दुसऱ्या परिचारिका ताटकळत होत्या.

एके दुपारी ती येऊन बसली आणि पहिली पायरी ऐकण्याआधीच तिने मास्क काढला. मोठ्या सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी तिला नवा मास्क लावायला सांगितले, बाकीच्या पायऱ्या शांतपणे पूर्ण करून घेतल्या आणि हे कसे झाले, असे विचारले.

"झालं नाही, सिस्टर. मी केलं," चिमणी म्हणाली. "ताप आला तर निदान झोपायला मिळेल."

मोठ्या सिस्टरांनी कपाळ काचेला टेकवले. "झोप हवी ना तुला? मी मागून आणते," त्या म्हणाल्या. "तेवढ्यासाठी आजारी नको पडूस, चिमणे."

त्याच दिवशी त्या वरिष्ठांशी भांडल्या. चिमणीला रजा मिळाली, मानसोपचारतज्ज्ञांची वेळ मिळाली. सुदैवाने तिला संसर्ग झाला नाही. पुढे मास्क उतरल्यावर आणखी एक पायरी आली: झोप झाली का, असे विचारायचे आणि उत्तर नाही असेल, तर पाळी बदलून द्यायची. काही आठवड्यांनी चिमणी कामावर परतली, पण वरच्या मजल्यावर, लहान मुलांच्या वॉर्डात. माझ्यापर्यंत ती पुन्हा आली नाही.

साथ सरली, खोली बंद झाली. आता मी जिन्याखालच्या अडगळीत आहे. माझ्यावर खोक्यांची चळत आहे. ओझे आहे, पण कोणाचे बसणे नाही. पाळी बदलताना जिन्यावर पावले वाजतात. कधी त्यांत एक वटवट ऐकू येते, दुसऱ्याचे बोलणे अर्ध्यावर तोडणारी. मी कान देऊन राहते. ती वर वर जाते आणि ऐकू येईनाशी होते.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी रुग्णसेवा करत असेल, तर ती आल्याबरोबर वॉर्डातल्या बातम्या विचारू नका. तिला आधी बसू द्या. आणि आपल्याला झोप येत नाही, असे ती म्हणाली, तर सगळ्यांचेच तसे चालले आहे, असे उत्तर देऊ नका. सगळ्यांचे तसे असेलही. पण तुम्हाला सांगितले आहे ते तिने.