मेंढा कुणाचा

आमच्या घरात शिंक आली तर अंगणात पळावं लागतं. पाहुणे हसतात, पण मी खोटं सांगत नाही. आमचे हे पाटसच्या साखर कारखान्यात फिटर. आठवडाभर हात ग्रीसमध्ये, नखांत मळी. पण सुट्टीच्या दिवशी कोपरापर्यंत साबण लावून हात धुणार, पांढरे सुती हातमोजे घालणार आणि नाणी काढून बसणार. नाण्यावर थुंकीचा बारीक थेंब उडाला तरी पुढे तिथे काळा ठिपका उगवतो म्हणे. म्हणून नाणी उघडी असताना बोलायचं नाही, शिंकायचं नाही, फोडणी द्यायची नाही. एकदा मी ठेचा परतला तर दोन दिवस अबोला होता. हौसेला मोल नसतं असं ऐकून होते, आमच्याकडे हौसेपायी ठेचाही बंद झाला.

ही नाणी बाजारात फिरणारी नव्हेत. कुणाच्या जयंतीला, कसल्या तरी आठवणीला म्हणून टाकसाळ जी खास काढते, ती. साडीची असते तशी नाण्यालाही जमीन असते. या खास नाण्यांची जमीन आरशासारखी घोटलेली असते आणि वरचं चित्र मुद्दाम खरबरीत, पांढरंशुभ्र ठेवलेलं. जमीन जितकी काळी दिसेल आणि चित्र जितकं पांढरं, तितका उठाव जास्त. हे सगळं मला शिकायचं नव्हतं, पण जेवताना दुसरा विषय नसेल तर माणूस काय करणार.

यांना हा नाद लावला शंकररावांनी. ते दौंडचे, रेल्वेत गार्ड होते, आता निवृत्त. नव्वद साली बाबासाहेबांचा रुपया निघाला, तो त्यांच्या हातात आला आणि खर्च करवेना, तिथून त्यांचं सुरू झालं. त्या वर्षी, म्हणजे दोन हजार पाचच्या हिवाळ्यात, त्यांनी कुठूनशी दोन परदेशी नाणी मिळवली. दोन्ही चांदीची, जुन्या राणीछाप रुपयापेक्षा मोठी, एकाच साच्यातली. दोन्हींवर मान वळवून उभा राहिलेला मेंढा. एक त्यांना ठेवायचं होतं. दुसरं यांना मिळणार होतं, यांच्याकडच्या नाण्यांच्या चार जुन्या संचांच्या बदल्यात. निवड मात्र आधी यांची, असा शब्द शंकररावांनी दिला होता.

"धनगराच्या घरात मेंढा नको व्हय?" हे मला म्हणाले.

"खरी होती तवा राखायला कंटाळा केला," मी म्हटलं. "आता चांदीचा आणा."

बोलून गेले आणि जीभ चावली, कारण ओट्यावर मामंजी बसले होते. गेणबा मेंढका म्हटलं की वरवंडपासून भीमेच्या काठापर्यंत जुनी माणसं अजून ओळखतात. मेंढरं विकून जमाना झाला होता. गुडघे गेले म्हणून विकली, आणि मग काचबिंदूने डोळे धरले. दौंडच्या डॉक्टरांनी सांगितलं, डावा गेला, उजव्यात थोडी नजर आहे, तीही किती दिवस ते सांगता येत नाही, गेलेली परत येत नाही. मामंजींनी ऐकलं आणि डॉक्टरांना रामराम करून एसटीत येऊन बसले.

दिवाळीपासून ते मला बांगड्यांवरून ओळखत. यांना तर ओळखत नव्हतेच. हे कामावरून आले की ओट्यावरून हाक यायची, "कोण हाय?" हे म्हणायचे, "मी हाय आबा." आणि आत येऊन उगाच मोरीत बराच वेळ पाय धूत राहायचे. बोलत नव्हते, पण मला कळत होतं. बापाच्या नजरेत आपण शेवटचे कधी होतो, हेच त्यांना आठवत नव्हतं. आपलं काहीतरी एकदा तरी आबांनी बघावं, एवढंच त्यांच्या मनात होतं, आणि त्यासाठी उरलेले दिवस थोडे होते.

रविवारी सकाळच्या शटलने शंकरराव आले. मी ओट्यावरच टेबल मांडलं होतं, कारण उजेड तिथे चांगला. टेबलाच्या पलीकडे बाजेवर मामंजी घोंगडी पांघरून ऊन खात बसलेले. शंकररावांनी काळी मखमल पसरली, वर दोन मेंढे ठेवले.

पहिला सीलबंद पारदर्शक डबीत होता. अमेरिकेत तपासून आलेला, आतल्या चिठ्ठीवर सत्तरपैकी एकोणसत्तर मार्क. भिंग लावून शोधलं तरी खोट सापडत नव्हती. पण मेंढा आणि जमीन सारखीच चकचकीत, परातीत परात पडावी तशी. दुसरा साध्या गोल प्लॅस्टिकच्या डबीत होता. मागच्या पायाशी केसासारखा ओरखडा. तो नीट बघता यावा म्हणून शंकररावांनी तो डबीतून बाहेर काढून मखमलीवर ठेवला, आणि मला जागचं हलता येईना.

जमीन इतकी काळी की खोल विहिरीत वाकून बघितल्यासारखं वाटावं. आणि त्या काळ्यावर पांढराशुभ्र मेंढा, लोकरीचा वळ अन् वळ वेगळा. तो नाण्याला चिकटलेला वाटतच नव्हता, वर तरंगत होता. माणसाच्या हातून असं होतं हे मला तोवर माहीत नव्हतं. मी पदर तोंडावर धरला, श्वास लागू नये म्हणून, आणि तेही पहिल्यांदाच, कुणी न सांगता.

"ठसा नवा असतो तवा पहिली थोडी नाणी अशी पडतात," शंकरराव हलक्या आवाजात म्हणाले. "मग ठशाची खरखर झिजती. पुढं नाणं पडतं निर्दोष, पण उठाव जातो."

"मग काका, घ्यायचं कोणतं?"

"मी तुला वकिली करणार न्हाई. पण नंबर म्हंजी निकाल. उठाव आज तुला दिसला, उद्या दुसऱ्याला कमी दिसंल. एकोणसत्तर सगळ्यांना एकोणसत्तरच. आन् ह्या ओरखड्यानं याला कोण वर चढवणार? लई तर चौसष्ट."

हे दोन्हींकडे बघत राहिले. फिटर माणूस, मापाचा भोक्ता. सुताचा फरक पडला तर कारखान्यात पंप बंद पडतो. शेवटी त्यांनी मोजा घातलेला हात सीलबंद डबीवर ठेवला. "नंबरवालं घेतो काका," म्हणाले, पण आवाजात आनंद नव्हता. शंकररावांनी मान हलवली आणि दुसऱ्याची गोल डबी उचलली.

तेवढ्यात बाजेवरून आवाज आला. "ह्यो मेंढा कुणाचा?"

आम्ही तिघंही थांबलो. मला वाटलं रस्त्याने कुणाची मेंढरं चाललीत. पण रस्ता मोकळा होता. मामंजींनी मान थोडी तिरकी केली होती, उजवा डोळा टेबलाकडे, आणि ऊन नेमकं मखमलीवर उतरलं होतं.

"कंचा मेंढा, आबा?" यांनी विचारलं.

"ह्यो काय. मान मागं वळवलीय त्यानं. पाण्याच्या कडंला उभा हाय."

यांनी सीलबंद डबी उचलून मामंजींच्या डोळ्यासमोर धरली. "आन् ह्यो, आबा?"

"ह्यो न्हाई. ह्यो तर आरसा हाय. बाजूला कर, मला मेंढा दिसंना."

ज्या डोळ्याला पोटचा पोरगा दिसत नव्हता, त्याला तळहातभर चांदीवरची मान वळवलेली दिसत होती. शंकररावांनी हातातली डबी खाली ठेवली आणि टोपी काढली. का काढली ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मामंजी बाजेवरून उठले. टेबलाची कड चाचपत आले आणि नाण्यावर वाकले. "दमाचा हाय," म्हणाले. "पाठ सरळ हाय. लोकर दाट दिसतीय." मग त्यांचा हात कमरेच्या पिशवीत गेला, आणि मला पुढचं सगळं आधीच दिसलं. कळपात नवा मेंढा आला की आमच्याकडे आधी पाठीवरची लोकर अंगठ्याने फाकवून बघतात, आणि पसंत पडला तर कपाळाला भंडारा लावतात. लावला की तो घरचा, मग परत देता येत नाही. मामंजींचा अंगठा पिवळाजर्द होऊन बाहेर आला.

"हनुमंता, हात धर त्यांचा," शंकरराव यांना म्हणाले. "अंगठा उठला तर नाणं संपलं."

यांचा हात पुढे गेला होता. तोच हात, ज्याने मला नाण्याच्या वाऱ्याला उभं राहू दिलं नव्हतं. तो मामंजींच्या मनगटाशी पोचला आणि तिथेच थांबला. हे बापाच्या तोंडाकडे बघत होते. त्या चेहऱ्यावर मी लग्नानंतर कधी न पाहिलेलं काही होतं, कळप पुढे घालून चाललेल्या माणसाचं.

"लावू द्या काका," हे म्हणाले. "मी ह्यो घेतला. संच तुमचे."

"बिरोबाच्या नावानं चांगभलं," मामंजी म्हणाले, आणि अंगठा टेकवला. आधी पाठीवर, लोकरीच्या उलट्या दिशेने. मग कपाळावर.

शंकररावांनी भिंग काढलं नाही. काळ्या आरशावर अंगठ्याची पिवळी रेघन् रेघ उमटली होती. "याला आता जगात कुणी नंबर देणार न्हाई," ते म्हणाले, पण रागाने नाही. एकोणसत्तर मार्कांची डबी खिशात घालून ते दुपारच्या शटलने गेले. संचांपैकी त्यांनी दोनच नेले, दोन बाजेखाली ठेवून गेले. ते आम्हाला संध्याकाळी झाडताना सापडले.

त्या दिवसापासून रोज सकाळी ऊन ओट्यावर आलं की मी मखमलीवर मेंढा ठेवायची. मामंजी बघायचे, त्याच्याशी चार शब्द बोलायचे आणि अंगठ्याने लोकर फाकवायचे. अंगठ्याखाली पांढरी लोकर हळूहळू घासून चकचकीत होत गेली, जमिनीवर धुकं बसलं. उठाव उतरत होता. हे बाकीची नाणी हाताळताना मोजे घालायचे, या एकाला उघड्या हाताने उचलायचे. ठेचा मात्र मी पुन्हा सुरू केला आणि कुणी काही बोललं नाही.

पुढच्या वर्षी गाळप संपायच्या सुमारास एका सकाळी मी मेंढा ठेवला. ऊन स्वच्छ होतं. मामंजींनी मान तिरकी केली, मग सरळ केली, मग दुसरीकडून बघितलं. मी हातातला झाडू धरून उभी राहिले. हे पहिल्या पाळीला निघाले होते, सायकलचं स्टँड काढलेलं.

"आज मेंढा दिसंना," मामंजी म्हणाले. "चरायला गेला व्हय?"

यांनी सायकल भिंतीला टेकवली. ओट्यावर चढले, नाणं उचललं आणि मामंजींच्या तळहातावर ठेवून त्यांची बोटं त्यावर मिटवली. "न्हाई आबा. हितंच हाय."

मामंजींचा अंगठा नाण्यावर फिरला, पाठीवरून कपाळापर्यंत. मग त्यांनी दुसरा हात पुढे केला, यांचा चेहरा शोधला आणि त्याच अंगठ्याने कपाळ चाचपलं.

"व्हय," म्हणाले. "हाय हितं."

यांना त्या दिवशी पाळीला उशीर झाला.