मितालीची नखं

मितालीच्या करंगळीवरचं खोटं नख तिच्या बापानं पकडीनं ओढलं. त्याबरोबर खऱ्या नखाचा पापुद्रा आला नि पोरगी किंचाळली.

"अहो, हात सोडा तिचा!" मी स्वयंपाकघरातून धावले.

"साडेपाचला बनी पार्कात कीर्तन उभं राहतंय," देवदत्त म्हणाले. "बुवा सांगलीहून आलेत. तबल्यावर कोण, मी बसू? जगतपुऱ्यात मैत्रिणीच्या लग्नात मिरवायची हौस हिला!"

"नाचताना निघत होती, मतलब सगळीच," मिताली मुसमुसत म्हणाली. "म्हणून झटपट चिकटणारा गम लावला. ओढू दे ना बाबांना, आई. पहिल्यांदाच साथीला बसणारेय मी."

"आणि रक्ताळल्या बोटांनी वाजवशील काय, कपाळ?"

पकड मी हिसकावूनच घेतली. "रेल्वेत गंजलेला नट तेल सोडून, वाट बघून फिरवता ना? लेकीच्या बोटाला तेवढा दम नाही?"



करंगळीला पट्टी बांधली. उरलेली बोटं शाम्पू घातलेल्या कोमट पाण्यात बुडवली. मग तिला समईपासून लांब, खिडकीशी बसवलं, कारण नेलपेंट काढायचं ते पाणी भसकन पेटतं. कापसानं तेच कडांना लावलं आणि उदबत्तीच्या रिकाम्या काडीनं बाजूनं हलकेच चाचपलं. सुटलं तर काढायचं, अडलं की बोट परत पाण्यात.

तिकडे कीर्तनाची व्यवस्था बघणाऱ्या चारुलताचा फोन आला. "वहिनी, बुवा विचारतायत, उभं राहू का?"

"राहा म्हणावं. पूर्वरंग नुसत्या झांजेवर होऊ दे."

"रत्ना, हा बुवांचा अपमान आहे!" देवदत्त कडाडले.

"देवाच्या नावाला निघालात आणि हातात पकड घेतलीत! तुम्ही जा पुढे."

पूर्वरंगातलं निरूपण ऐकायला मी तापातही उठून जाते. आज तेही हुकलं, त्याचा राग वेगळाच.

ते गेले नाहीत. "पाणी निवलं," मी म्हटलं. त्यांनी मुकाट्यानं दुसरं आणलं. शेवटचं नख निघालं तशी मी मितालीची बोटं धुतली, खोबरेल चोळलं, पुसून कोरडी केली आणि रिक्षा थांबवली.

पोचलो तेव्हा पूर्वरंग संपला होता आणि बुवांना हार घालून बुक्का लावत होते. साथीला नवं माणूस बसतं ते तेव्हाच. मिताली लगबगीनं तबल्यामागे जाऊन बसली. उत्तररंगाचं पद सुरू झालं, तिची तर्जनी तबल्याच्या काठावर, चाटेवर पडली आणि 'ना' खणखणीत वाजला.

देवदत्तांनी हसून माझ्याकडे बघितलं. मी बुवांकडे बघत राहिले.