पेवातलं चॉकलेट

धावडा गावची शीतल घरून डार्क चॉकलेट विकायची. केरळातून मोठ्या लाद्या मागवायच्या, वड्या पाडायच्या आणि थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या पिशव्यांसोबत भरून कुरिअरने पुण्या-नाशिकला पाठवायच्या. माल ठेवायला एसीची खोली होती. मे महिन्यात गावचा ट्रान्सफॉर्मर जळाला आणि ती खोली भट्टीसारखी तापू लागली.

"आपलं पेव हाय की," नवरा भारत म्हणाला. परसात जमिनीखाली ज्वारी साठवायचा तो खोल खड्डा चाळीस वर्षं बंद होता.

भारतचे चुलते रखमाजी ताडकन उठले. "त्यात संपत गेल्ता. न्हाई उघडायचं."

संपत त्यांचा धाकटा भाऊ. ज्वारी काढायला उतरला आणि आतल्या कोंदट हवेनं गुदमरून गेला.

पण माल मऊ पडत चालला होता. भारतनं झाकण सरकवलं, दिवसभर पेव उघडं ठेवलं, कंदील सोडून पाहिला. तो विझला नाही. मग शिडीनं उतरून त्यानं चौदा खोकी तळाशी रचली.

सोमवारी कुरिअरवाला येणार होता. भारत ट्रान्सफॉर्मरच्या कामासाठी तालुक्याला, भोकरदनला गेलेला. शिडी लावण्याआधी शीतलनं दोराला बांधून टोपली खाली सोडली. ती टेकली आणि दोराला दोन हिसके बसले.

अडकली असेल म्हणून तिनं वर ओढली. टोपलीत एक खोकं होतं. नीट, मधोमध ठेवलेलं.

तिनं मोबाईलचा उजेड आत टाकला. तेरा खोकी आणि रिकामी जमीन.

"तात्या!"

रखमाजी धावत आले. तिचं ऐकून त्यांनी टोपली पुन्हा सोडली. दोन हिसके. दुसरं खोकं.

"पोतं भरलं की असाच दोनदा ओढायचा तो," ते हळूच म्हणाले.

"झाकण लावू, तात्या. चला."

"थांब, पोरी."

चौदाही खोकी वर आली. रखमाजींनी तरी रिकामी टोपली सोडलीच. या वेळी हिसका बसला नाही. दोर ताठ झाला आणि ते खांद्यातून पुढे ओढले गेले. माणसाचं वजन होतं ते.

"सोडा, तात्या!"

"त्या दिशी सोडला व्हता," त्यांचा आवाज फाटला. "वर येऊन राह्यला व्हता तो. हात सोलले म्हणून सोडला म्या. कुणालाच सांगितलं न्हाई."

शीतलला पळून जावंसं वाटलं. पण म्हातारा पेवाच्या तोंडाकडे घसरत होता. तिनं मागून दोर धरला. दोघांनी वीतवीत ओढला. वजन कडेपर्यंत आलं, तोंडावर गार वारा आला आणि दोर एकदम सैल पडला. टोपली रिकामी होती.

साडेअकराला कुरिअरवाला खोकी घेऊन गेला. सगळीकडे माल चांगला पोचला. त्याच आठवड्यात भारतनं मुरूम टाकून पेव बुजवलं.

तेव्हापासून रखमाजी बाजेवर एका कडेला सरकून बसतात. "दोन कप आण, सूनबाई," म्हणतात. शीतल आणते. दुसऱ्या कपाला कुणी हात लावत नाही. पण भर उन्हात, ती तो खाली ठेवते न ठेवते तोच त्यातला चहा गार पडलेला असतो.