पिलालोचा उतार

मित्रांनो, मी एक लाल पिकअप गाडी आहे. लाल होते, असे म्हणायला हवे. आता माझा रंग विटेच्या भुग्यासारखा झाला आहे. इक्वादोरच्या डोंगरात, सुंबावा गावात, मी दूध वाहते. माझी गोष्ट गोड नाही. मी रागात आहे आणि रागातच ती सांगणार आहे.

कारखान्यात मला कोणी घडवले ते आठवत नाही. आठवतात ते आबेलार्दोचे हात. त्याने मेंढ्या विकून मला आणले, तेव्हा गावातली ती पहिलीच कोरी गाडी होती. पाद्रीबाबांनी माझ्यावर पवित्र पाणी शिंपडले, बायकांनी आरशांना फुले बांधली. आबेलार्दो अंगातल्या सदऱ्याने माझी काच पुसायचा. त्याची बायको त्रान्सितो पहिल्यांदा माझ्यात बसली, तेव्हा तो तिला म्हणाला, "ही गाडी तुला समुद्र दाखवेल बघ." डोंगराशिवाय काही न पाहिलेली ती बाई शालीआड हसली होती.

मग देशातल्या बँका बुडाल्या आणि अर्धे गाव परदेशी निघाले. आबेलार्दोही स्पेनला गेला. दोन वर्षांत येतो म्हणाला आणि अठरा वर्षे आला नाही. त्याचा फोन आधी दर रविवारी यायचा, मग सणासुदीला, मग तोही कधीमधी. मला निलगिरीखाली उभे करून ठेवले होते. टायरांतली हवा गेली, सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. त्रान्सितो दुधाचे कॅन पाठीला बांधून माझ्यासमोरून चालत जायची आणि मी नुसती बघत राहायचे.

मला उठवले ते त्यांच्या मुलीने, नार्सिसाने. बाप गेला तेव्हा ती एवढीशी होती. मोठी झाल्यावर तिने कोंबड्या हाकलल्या, इंजिन उघडले, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून विचारून मला चालू केले. तेव्हापासून मी दूध वाहिले, मेंढ्या वाहिल्या, नवऱ्या मुली वाहिल्या. एकदा त्रान्सितोला इस्पितळात न्यायला निघालो, तेव्हा मात्र आम्ही वेळेत पोचलो नाही. त्या दिवसाबद्दल नार्सिसा कधीच कोणाशी बोलली नाही. आबेलार्दो मातीलाही आला नाही.

आणि या ऑगस्टमध्ये तो आला. अंगात मलईच्या रंगाचे जाकीट, डोळ्यांवर काळा चष्मा. बायकोच्या थडग्यावर मेणबत्ती लावून झाली आणि तो मुलीला म्हणाला, की आता आपला देश बघू या, समुद्रावर जाऊ या. नार्सिसाने दुधाची फेरी शेजारणीवर सोपवली, सातूचे पीठ आणि उकडलेला मका बांधून घेतला आणि आम्ही निघालो.

तो वाटेभर फोटो काढत होता. प्रत्येक वळणावर मला थांबवायचा, माझ्या टपावर हात ठेवून उभा राहायचा आणि दुकानदारांना सांगायचा, की ही माझी गाडी. माझी! माझे तेल बदलताना कोपरापर्यंत काळे झालेले हात नार्सिसाचे होते. ती कडेला उभी राहून ऐकत होती.

वाटेतल्या पिलालो गावच्या खाणावळीत तिला ओळखणारी म्हातारी होती. तिने ताट वाढता वाढता विचारले, "काय गं नार्सिसा, पाहुणा आणलास?"

"पाहुणा नाही, बाप आहे मी हिचा," आबेलार्दो म्हणाला.

"असं होय. मला वाटलं, कुणी फिरायला आलेला असेल."

सगळी खाणावळ हसली. आबेलार्दो उठला आणि सगळ्यांसमोर त्याने मुलीपुढे हात पसरला. "किल्ली दे. इथून पुढे मी चालवतो."

नार्सिसाने समजावले, की पुढे मोठा उतार आहे, धुके आहे, आणि गाडीला तुमची सवय राहिलेली नाही.

"गाडी माझ्या नावावर आहे, पोरी."

तिने किल्ली ताटाशेजारी ठेवली.

त्याने मला त्या उतारावर लोटले आणि पाय ब्रेकवरून काढलाच नाही. नार्सिसा सांगत होती, दुसऱ्या गिअरमध्ये घ्या, इंजिनाला गाडी आवरू द्या. तो म्हणाला, तू जन्मायच्या आधीपासून गाड्या चालवतोय मी. माझ्या चाकांतून जळका वास येऊ लागला. मग ब्रेक दाबता दाबता त्याचा पाय तळाशी टेकला आणि मला थांबता येईना. डाव्या हाताला दरी होती. नार्सिसाने आडवे होऊन स्वतःच गिअर पाडला, हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंग उजवीकडे फिरवले. दरड कोसळून पडलेल्या मातीच्या ढिगात मी नाक खुपसले. दिवा फुटला, रेडिएटर फुटला. ती दोघे वाचली.

आबेलार्दो म्हणाला, "भंगार झालीय गाडी. कधीच विकायला हवी होती."

तेव्हा नार्सिसा बोलली. आवाज चढवला नाही तिने.

"मी बसलेय ना, त्याच सीटवर आई गेली, बाबा. मी गाडी चालवत होते. तिचा हात धरायला माझा एक हातसुद्धा मोकळा नव्हता. तुम्ही असतात, तर तुम्ही चालवली असती."

तो पुढे बघत राहिला. काचेबाहेर नुसते धुके होते.

केळ्यांच्या एका ट्रकने ओढत आम्हाला खाली ला माना गावातल्या गॅरेजपर्यंत आणले. मेकॅनिक म्हणाला, काही दिवस लागतील. आबेलार्दोने बॅग उचलली आणि समुद्राकडे जाणारी बस कुठे थांबते ते विचारले. नार्सिसाने ती बॅग त्याच्या हातातून काढून माझ्यात ठेवली.

"समुद्रावर मी जाते," ती म्हणाली. "या वेळी तुम्ही थांबा."

आणि ती गेली. तो गॅरेजच्या पायरीवर बसून राहिला. किनाऱ्याकडून बस आली की उठायचा, उतरणाऱ्यांचे चेहरे बघायचा आणि पुन्हा बसायचा. मधेच त्याने माझ्या टपावरचा चिखल पुसायला घेतला. मित्रांनो, मला ते आवडले नाही. अठरा वर्षांची धूळ अशी ओल्या फडक्याने जात नाही.

नार्सिसा परत आली तेव्हा तिचे नाक उन्हाने सोलले होते आणि परकराची किनार मिठाने ताठ झाली होती. समुद्र कसा होता, हे त्याने विचारले नाही आणि तिने सांगितले नाही. ती स्टिअरिंगवर बसली. आबेलार्दोने दुसऱ्या बाजूचे दार उघडले, त्या सीटकडे पाहिले आणि दार हळूच लावून घेतले. मग मागे चढून उघड्या हौद्यात बसला. ती त्याला पुढे या म्हणाली नाही. सगळा घाट चढेपर्यंत धुके त्याच्या अंगावरून जात होते.

मित्रांनो, पोटासाठी माणसाला दूर जावे लागते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्यांना तुम्ही झाडाखाली उभे करून गेलात, त्यांना परत आल्यावर 'माझे' म्हणण्याची घाई करू नका. आधी विचारा, की मी नसताना तुम्हाला कोणी सांभाळले. आणि ते माणूस समोर उभे असेल, तर त्याच्याकडे किल्ली मागू नका.